जाझ की जाच

२०२५ सालचा वैशाख. शहाद्याच्या आमच्या बँडच्या दुकानात लग्नाच्या तारखा आणि किस्से एकदमच येतात. तारखा फळ्यावर लिहितो, त्या पुसल्या जातात. किस्से कोणी लिहीत नाही, म्हणून साचतात. नव्या लोकांना जाझ ऐकवण्याचे तर ढीगभर साचले.

तरुणपणी भुसावळला गोव्याच्या एका मास्तरांकडे ट्रंपेट शिकलो. जाझ त्यांनीच दाखवलं. सगळ्यांनी मिळून मुखडा वाजवायचा, मग एकेकाने तो सोडून मनाचं वाजवायचं, मग परत मुखड्यावर यायचं. फी विचारली तर म्हणाले, "पैसा नको. मुखडा सोडून मनाचं वाजवील असा एक माणूस तुझ्या गावात तयार कर."

मास्तर गेले. देणं राहिलं. यंदा माझे पुढचे दोन दात पडले. फुंक निसटते. आता ट्रंपेट वाजत नाही, आणि देणं फेडल्याशिवाय स्वस्थ बसवत नाही.

*

आमचा क्लॅरिनेटवाला रघुनाथ. हात सोन्याचा. त्याला म्हटलं, "मुखडा झाला की मनाचं वाजव."

मुखडा झाला. रघुनाथ थांबला.

"काय रे?"

"दादा, मन्हा मनमा काहीच नई शे!"

*

समोरच्या साडीवाल्या शेठना मोबाइलवर जाझ ऐकवलं. एकटा ड्रमवाला बराच वेळ वाजवत होता. शेठ हळहळले. "बाकीचे जेवायला गेले का? एकट्यालाच ठेवलं बिचाऱ्याला! मालक बरोबर नाही."

*

दात होते तेव्हाची गोष्ट. तळोद्याच्या वरातीत मी मुखडा सोडला. नाचणारे जागच्या जागी थांबले. नवरदेवाचा मामा घोड्याजवळून ओरडला, "ओ दादा, गाणं हरपनं का तुम्हनं?"

"शोधी ऱ्हायनू!" मी म्हटलं.

त्या घरचं पुढचं वऱ्हाड डीजे घेऊन निघालं.

*

सून फोनवर माहेरी सांगत होती, "सकाळपासून बाबांचा जाझ सुरू आहे." शेजारणीने ऐकलं 'जाच'. तासाभरात तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष दारात!

"बाबा, सूनले कसाले जाच करतस?"

मी त्यांना खाटेवर बसवलं. मोबाइलचा आवाज वाढवून जाझ पूर्ण ऐकवलं. अध्यक्षांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली.

"जाच शे," म्हणाले, "पण गुन्हा नई शे!"

*

याच वैशाखात म्हसावदला रघुनाथच्या मुलीचं लग्न झालं. एकुलती एक. बँड आमचाच. रघुनाथ फेटा बांधून, हात जोडून मांडवात उभा. आज वाजवायचं नाही, असं मीच त्याला बजावलं होतं.

पाठवणीला पोरांनी मुखडा धरला. मुलगी गाडीत बसली. रघुनाथने बदली माणसाच्या हातातून क्लॅरिनेट काढून घेतली. एकदा मुखडा वाजवला. मग सोडला.

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी हाताने खूण केली, ठेका चालू द्या.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. रघुनाथ वाजवतच होता. मांडवातली माणसं रस्त्यावर आली. आचारीसुद्धा झारा हातात घेऊन उभा. बऱ्याच वेळाने रघुनाथ मुखड्यावर परत आला. बरोबर समेवर. क्लॅरिनेट खाली केली.

"दादा, आज मनमा व्हतं."

मास्तरांचं देणं फिटलं.