सहा रजया

श्रीकांतने मला फसवलं, आणि मी हॉलमधल्या लोकांना फसवलं. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडल्या. पहिली मी गेली काही वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. दुसरी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

टेक्सासमधल्या आमच्या प्लेनो गावाला बर्फाची सवय नाही. त्या हिवाळ्यात बर्फ पडला, लाइट गेली, नळ गोठले आणि घर आतून विहिरीसारखं गार पडलं. माझा जनरेटर माझ्या मित्राकडे, श्रीकांतकडे होता. मुलीच्या बर्थडेला मागच्या अंगणात लायटिंग करायचं म्हणून तो घेऊन गेला होता. फोन केला तर म्हणाला, "रस्त्यावर बर्फाची नुसती काच पसरलीय यार, ड्राइव्ह कसं करणार? उद्या बघू." मागून त्याच्या टीव्हीचा आवाज येत होता. त्यावर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. घरात आम्ही तिघंच होतो: मी, बायको आणि एक्याऐंशी वर्षांची आई. आईची बोटं निळसर पडायला लागली होती. मी देव्हाऱ्यातल्या दत्तालाही सोडलं नाही. "हिने जन्मभर तुझी पूजा केली, त्याचं हे फळ का?" असं मोठ्याने विचारलं. आई पांघरुणातून म्हणाली, "त्याच्यावर कशाला ओरडतोस? जनरेटर श्रीकांतकडे आहे."

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक हॉल आहे. तिथे दर शनिवारी जपानी मुलांची शाळा भरते. त्या लोकांनी तो हॉल सगळ्यांसाठी उघडला आहे आणि माणशी एक रजई, घरटी एक पाण्याचा कॅन मिळतो आहे, असं शेजाऱ्याकडून कळलं. मी घसरत, शिव्या घालत तिथे पोचलो. दाराशी बूट ओळीने लावलेले, टाचा आत, टोकं बाहेर. मुलं गुडघ्यांवर बसून फरशीवरचा वितळलेला बर्फ पुसत होती, आणि त्यांना तसं कोणी सांगताना दिसत नव्हतं. रांग लांब होती, पण आवाज नव्हता. टेबलावर एक कागद. घरात माणसं किती ते आपलं आपण लिहायचं. ओळखपत्र नाही, टोकन नाही, पहारा नाही. टेबलामागे सत्तरीच्या एक बारीकशा बाई होत्या. मुलं त्यांना सेन्सेई म्हणत होती, म्हणजे आपण शाळेत 'बाई' म्हणतो तसं.

मी ग्रॅनाइटचा धंदा शून्यातून उभा केला आहे. दहा हवे असतील तर वीस मागायचे, समोरचा कापून दहावर आणतो, हे माझ्या हाडात भिनलेलं आहे. मी कागदावर सहा लिहिले. तीन पदरात पडतील असा हिशेब होता. बाईंनी आकडा पाहिला, मान लववली आणि दोन्ही हातांनी सहा रजया माझ्यापुढे धरल्या. मी वाद घालायच्या तयारीने गेलो होतो, आणि वाद घालायला समोर कोणीच नव्हतं. त्याच क्षणी "चूक झाली, तीन" असं म्हणता आलं असतं. रांगेत माझ्या मागे तीन-चार माणसं सोडून कडेवर मूल घेतलेली एक बाई फोनवर मराठीत बोलत होती, "अगं, इथे देतायत म्हणे, ये तू पण." तिने ओळख काढू नये म्हणून मी मान फिरवली, सेन्सेईंना इंग्रजीत थँक यू म्हणालो आणि रजया, पाण्याचा कॅन उचलून निघालो. दारातून वळून पाहिलं तेव्हा टेबलावर दोनच रजया राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी थंडी आणखी वाढली. मी बार्बेक्यूची शेगडी कोळसे पेटवून दिवाणखान्यात आणली आणि दारं-खिडक्या गच्च लावल्या. विषारी वायूची सूचना देणारं यंत्र बॅटरी संपल्यामुळे चिवचिव करायचं, म्हणून मी ते आधीच काढून खणात टाकलं होतं. खोली छान ऊबदार झाली. बायको म्हणाली, "अहो, डोकं जड झालंय," आणि आडवी झाली. आईच्या हातातली जपमाळ थांबली. मलाही सुखाची झोप येते आहे असं वाटत होतं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. मला वाटलं, श्रीकांतच. "आता आठवण झाली काय! राहू दे उभा." मी जागचा हललो नाही. थाप पुन्हा पडली. आई डोळे न उघडता पुटपुटली, "माध्यान्ह आहे. दारचं माणूस परत पाठवू नको." दत्त माध्यान्ही भिक्षेला निघतो आणि कोणत्या वेशात येईल ते सांगता येत नाही, ही तिची श्रद्धा. त्या वेळी दारात आलेल्याला तिने कधी रिकाम्या हाताने पाठवलं नाही. तिच्यासाठी म्हणून मी उठलो. भिंत धरत दारापर्यंत गेलो. कसंबसं दार उघडलं.

सेन्सेई उभ्या होत्या. मुलांच्या घसरगाडीवर पाण्याचे दोन कॅन बांधून ओढत आणले होते. कागदावर पत्ताही लिहायचा होता, तो पाहून आल्या होत्या. "सहा माणसांना कालचं पाणी पुरलं नसेल..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्या खांद्यावरून त्यांची नजर शेगडीवर गेली. आदल्या दिवशी जिच्या दाराशी बूट ओळीने लावलेले होते ती बाई बर्फाने माखलेल्या बुटांनी माझ्या गालिच्यावरून धावली. खिडक्या उघडल्या. आम्ही दोघांनी आईला, मग बायकोला ओसरीवर आणलं, रजयांत गुंडाळलं. मी धापा टाकत खाली बसलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "बाकीचे तिघं कुठे आहेत?"

मी आईच्या अंगावरची रजई सारखी करत राहिलो. तोवर त्या तोंडाला मफलर बांधून पुन्हा आत गेल्या होत्या. वरच्या मजल्यावर एकेक दार उघडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. नसलेल्या माणसांना त्या शोधत होत्या, तेही त्या विषारी हवेत. मी जिन्याखाली जाऊन ओरडलो, "नाहीत! बाकीचं कोणी नाहीये! मी खोटं लिहिलं!"

त्या खोकत खाली आल्या. मी मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं. म्हणजे सगळे बाहेर आलेत." बाकी काही नाही. मी शिव्या खायला तयार होतो. त्या मिळाल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

बायको मोकळ्या हवेत सावरली. आईला दोन दिवस दवाखान्यात ऑक्सिजन द्यावा लागला, मग ती सुधारली. रस्ते मोकळे झाल्यावर मी रजया धुऊन परत द्यायला गेलो. माझ्या मागच्यांचं काय झालं, ते विचारलं. सेन्सेई म्हणाल्या, "शाळेत मुलंच जेवण वाढतात. शेवटच्या ताटाला कमी पडलं तर बाकीचे आपल्यातलं थोडं परत देतात. त्या दिवशीही काहींनी दिलं. तरी पुरलं नाही." मी म्हणालो, "तुमच्या लोकांच्या रक्तातच आहे हे." त्या हसल्या. "रक्तात काही नसतं. आम्हीही भांडतो, आमच्यातही लबाड असतात. लहानपणापासून सराव करून घेतात, एवढंच. म्हणजे वेळ आली की विचार करत बसावं लागत नाही." सराव तर माझाही होता. वेळ आली तेव्हा मीही विचार केला नाही.

आई म्हणते, दत्त आला होता. मी वाद घालत नाही. पण एक गोष्ट मला गिळता येत नाही. त्या आल्या त्या सहा माणसांसाठी. मी तीन लिहिले असते तर कदाचित कोणीच आलं नसतं. माझ्या खोट्यावरून चालत कृपा माझ्या दारी आली, आणि त्याच खोट्यामुळे कोणीतरी रिकाम्या हाताने बर्फातून घरी गेलं. हे कोडं सोडवायचा नाद मी सोडला आहे. रोज माध्यान्हीला आईसोबत देव्हाऱ्यापुढे बसतो, हात जोडतो आणि काही मागत नाही. मागायचं म्हटलं की तोंडात आधी दुप्पट आकडा येतो. जे मिळालं ते माझं नव्हतं, एवढं कळलं आहे.

श्रीकांतला मागच्या महिन्यात फोन केला. जाब विचारायचा होता, विचारला नाही. कोणत्या तोंडाने विचारणार?

पण मी हे ज्यात लिहितो आहे तो मराठी मंडळाचा अंक आपल्या भागातल्या प्रत्येक मराठी घरात जातो. ताई, त्या दिवशी तुम्ही माझ्या मागे उभ्या होता. तुमच्या कडेवर मूल होतं. तुमच्या वाट्याची रजई मी नेली. ती रात्र तुमच्या घरात कशी गेली, ते मला कळलंच पाहिजे. मोठं पिवळं दार, बाहेर ग्रॅनाइटचा बाक. माध्यान्हीला या. आणि दारात उभ्या राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा, मला जाब विचारा.