अम्माचा पासवर्ड

"पासवर्ड सांग आधी. मोठ्यानं."

साहेब खुर्चीत रेलून म्हणाला. माझी अम्मा दारातच उभी. डोक्यावरची बांगड्यांची टोपली अजून खाली ठेवली नव्हती. भोरच्या एसटी स्टँडसमोरचं त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. बाकावर सात-आठ माणसं. मी तिथंच कामाला, बारावी पास. सकाळी झाडू मारायचा, मग लोकांची नावं कॉम्प्युटरात भरायची.

साहेब पुण्याचा. इंटरनेटवरची परदेशी बँक म्हणायचा. "सरकारचा हात नाही, म्हणून तर व्याज दुप्पट." पहिल्यांना व्याज मिळालंही. मागून आलेल्यांच्या पैशातून. पडद्यावरचे व्याजाचे आकडे मीच भरायचे. तो सांगेल तेवढे. मला वाटायचं, बँक अशीच चालते.

अम्माला तिथं मीच आणलं. हे सांगताना अजून तोंड कडू होतं.

शिवऱ्यापासून भाटघरपर्यंत गावोगाव ती बाया-पोरींच्या हातात बांगड्या भरायची. डोळ्यांत मोतीबिंदू. मनगटाचं माप बोटांनीच घ्यायची. ऑपरेशनला साठवलेलं सगळं तिनं या बँकेत टाकलं होतं.

"सायेब, डोळ्याचं आपरेशन हाय. माजंच पैसं द्या."

"पासवर्डशिवाय बँक उघडत नाही."

"मला लिवता-वाचता येत न्हाई."

"मग दर्ग्यापुढं वाटी घेऊन बसायचं. बँकेत कशाला आलीस?"

बाकावरचे हसले. अम्माही हसली. कसनुसं. तिचं ते हसू मला चिरत गेलं.

साहेब माझ्याकडं वळला. "यादी उघड गं. हिचा पासवर्ड मी काय ठेवलाय, वाच."

ती यादी मी कधी पाहिली नव्हती. अम्माच्या नावापुढं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, आंधळी.

"वाच की."

मी वाचलं. आणि थांबले नाही. समोर बसलेल्या शिवऱ्याच्या हॉटेलवाल्याचा पासवर्ड, ढेऱ्या. त्याच्या शेजारच्या शेतकऱ्याचा, येडा. कोपऱ्यातल्या विधवा मावशीचा, पांढरपायी. एकेकाकडं बघून वाचलं. हसू बंद.

"बंद कर! नोकरी गेली तुझी."

"गेली. आता यांचे पैसे दाखवा. आकडे तर मी भरत होते. पैसे कुठंयत?"

तो उठून आत गेला. आठवड्यात दुकानाला कुलूप, साहेब पसार.

चौकीत पोलिसांनी विचारलं, "पावती? परवाना? कुठल्या कायद्यात बसते ही बँक?" आमच्याकडं काहीच नव्हतं. हॉटेलवाला मलाच म्हणाला, "तू गप बसली असतीस तर आमचे पैसे तरी सुटले असते." ऑपरेशनवाचून अम्माचा उजवा डोळा गेला.

मी गप बसले नाही. ज्यांची नावं मी भरली होती, त्यांच्या घरी गेले. शिव्या खाल्ल्या. एकेकाचा जबाब लिहून अंगठा घेतला. तो सापडेल तेव्हा पहिली साक्ष माझी. तिच्यात माझाही गुन्हा असेल, माझ्या तोंडून. आणि त्यातला एक शब्दही मी गाळणार नाही.