व्हर्लचं वाकडं बोट

आयोवातल्या मिलर्स फोर्ड गावात व्हर्ल ट्रॅपनेलकडे केस कापायला बसलं, की जगातला सर्वात वेगवान चेंडू वर फुकट मिळायचा. गळ्याभोवती कापड आवळल्यावर गिऱ्हाईक पळणार कुठे? व्हर्ल उजव्या हाताचं वाकडं बोट त्याच्या नाकासमोर नाचवायचा. "हे बघ सर्टिफिकेट! ड्यूई पॉटीटनं फेकला, मी झेलला. ताशी एकशे दहा मैल!"

तरुणपणी दोघं गावच्या पगारी बेसबॉल संघात होते. ड्यूई चेंडू फेकणारा पिचर, व्हर्ल तो झेलणारा कॅचर. तेव्हा गावच्या मैदानावर वेग मोजायचं यंत्र नव्हतं, आणि तेच व्हर्लच्या पथ्यावर पडलं होतं. पोस्टमन हॉलिस तेवढा खवचटपणे म्हणायचा, "मोठ्या लीगमधला यंत्रानं मोजलेला विक्रमसुद्धा एकशे सहाच्या आत आहे, व्हर्ल."

"यंत्राचं बोट मोडलंय का कधी?"

मग क्लबनं जुन्या खेळाडूंचा सत्कार ठरवला, आणि ॲरिझोनाहून ड्यूई येणार म्हणून कळलं. "आता त्यालाच विचारू," हॉलिसनं गावभर करून टाकलं.

व्हर्लची भूक मेली. त्या चेंडूबद्दलची एक गोष्ट त्यानं खुर्चीतल्या कुणालाच सांगितली नव्हती. कॅचरनं एक बोट दाखवलं की पिचरनं सरळ, सुसाट चेंडू टाकायचा. दोन दाखवली की वळणारा, सावकाश. व्हर्लनं दोन दाखवली होती! तो निवांत वाट बघत बसला आणि भलताच चेंडू येऊन आदळला. न कळवता आलेली सासूसुद्धा अशीच वेगानं आल्यासारखी वाटते.

शनिवारी ड्यूई दुकानात शिरला. आधी पोट, मागून तो. "दाढी कर रे, म्हाताऱ्या. संध्याकाळी फोटो आहेत."

व्हर्लनं फेस लावला, वस्तरा उघडला. एवढ्यात हॉलिस अर्धं गाव घेऊन दारात हजर.

"ड्यूई, देवाशपथ खरं सांग. तो चेंडू किती वेगाचा होता?"

वस्तरा नेमका गळ्यावर थांबला. ड्यूईनं डोळे खाली फिरवून वस्तरा पाहिला, मग वर करून व्हर्लचा पांढराफटक चेहरा पाहिला.

"एकशे पंधरा," तो कंठ न हलवता म्हणाला.

दुकानात एकच जल्लोष झाला. हॉलिस टोपी घालून निघून गेला आणि मागोमाग गर्दीही पांगली.

व्हर्ल गरम टॉवेल पिळत होता, तेव्हा ड्यूई हळूच म्हणाला, "तू दोन बोटं दाखवली होतीस ना?"

"हो."

"मला एकच दिसलं. चष्मा घालून मैदानात उतरलो असतो तर पोरी हसल्या असत्या."

"म्हणजे फेकलास तो जोरातच?"

"जीव खाऊन! पण एकशे पंधरा वगैरे म्हणजे—"

व्हर्लनं टॉवेल त्याच्या तोंडावर दाबला.

सोमवारी नवं गिऱ्हाईक बसलं. व्हर्लनं कापड आवळलं, बोट वर केलं आणि हळहळत म्हणाला, "एकशे पंधरा! इतकी वर्षं मी त्या बिचाऱ्याचे पाच मैल खात होतो."