चुंबळीवरून निघालेली सूर्यपेटी

त्या उन्हाळ्यात आंबेगावच्या पश्चिमेला, भातखाचरांच्या मुलखात, मी एका उपग्रहाची वाट पाहत होतो. जुन्नरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याच्या वाट्याला असे पाहुणे क्वचित येतात! हवेत कार्बन डायऑक्साइड किती, ते हा वरूनच मोजतो. उन्हातले काही ठरावीक रंग तो वायू वाटेतच गिळतो. किती गिळले, त्यावरून वायू किती ते कळतं. या पाहुण्याची उलटतपासणी करायला, त्याच वेळी खालून सूर्याकडे बघणारी एक पेटी मी उसनी आणली होती.

तो दर सोळा दिवसांनी, दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जायचा. दोन फेऱ्या ढगांनी खाल्ल्या होत्या. तिसरी हुकली की पेटी दुसऱ्या कॉलेजला जाणार होती. आज आकाश घासूनपुसून ठेवल्यासारखं होतं. मी आणि प्रयोगशाळेतल्या सहायकाने गावच्या शाळेच्या गच्चीवर पेटी मांडली आणि साडेबाराला खालून धुराचा लोट उठला.

खोकत खोकत धावत खाली गेलो. माझ्याच वयाच्या एक बाई राब भाजत होत्या. भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा नि शेण पसरून जाळायचं, ही इकडची रीत.

"वहिनी, विझवा! तासाभरात उपग्रह येतोय!"

"येऊ द्या की. जेवायला थांबणार हाय का?" वहिनी म्हणाल्या. "पेटल्याला राब मधीच विझवत न्हाईत, मास्तर. निम्म्यात तण माजंल. तुमचीच पेटी हलवा. वारं ह्या वक्ताला वर शाळंकडं जातंय. खाली माझ्या खळ्यावर धूर यायचा न्हाई."

पेटी अर्ध्या पोत्याएवढी जड, आणि आतले आरसे असे की एक हिसका बसला तरी खेळ खलास. मी आणि सहायकाने ती गच्चीवरून उतरवली आणि दहाव्या पावलाला मी घसरलो; पेटी कशीबशी सावरली. मागोमाग वर आलेल्या वहिनींनी पदर खोचला, जुन्या फडक्याची चुंबळ केली.

"द्या डोक्यावर. तुमच्या हातात ती नाचतीया राव."

आणि निघाली मिरवणूक! पुढे वहिनी, डोक्यावर पेटी, आधाराला जेमतेम एक हात. मागे सहायक बॅटरी घेऊन. त्याच्या मागे मी, देव आठवत. बांधावरून, उतारावरून. भरला हंडा हिंदकळू न देणारी ती मान. पेटी जराही डुलली नाही.

दीडला पाच मिनिटं कमी असताना खळ्यावर आरशाने सूर्य पकडला. धूर शाळेकडे गेला. उपग्रह काही दिसला नाही, तरी मी टोपी काढून त्याला सलाम ठोकला.

काही आठवड्यांनी आकडे आले. वरचा आणि खालचा, दोघांचं जुळलं! पेटी आमच्याकडेच राहिली. मंचरहून पेढे घेतले, थेट खळं गाठलं आणि वहिनींना आकडे जुळल्याचं सांगितलं.

"म्हंजी त्यो खरं बोलतोय?"

"अगदी खरं."

"मग माझा राब दिसला व्हय त्याला?"

थाप मारायचा मोह झाला. "नाही वहिनी. एवढासा धूर त्याला वेगळा कळत नाही."

वहिनींचा पेढा तोंडाशी थांबला. "एवढासा? तुमी खोकून खोकून लाल झाला व्हता, अन् त्याला दिसंना?"

आता प्रत्येक फेरीला पेटी त्यांच्याच खळ्यावर मांडतो. चुंबळ करायला मी शिकलोय. पेटी मात्र त्या अजून माझ्या डोक्यावर देत नाहीत.