इकडूनच चालले होते

जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या जर्मन बाईंकडे कॉफीला जायचं, तरी आधी टर्मिन, म्हणजे अपॉइंटमेंट, घ्यावी लागायची. दिवस, वेळ, सगळं ठरवून. शेजारीण आहे की दाताची डॉक्टर, असं मी चिडून नवऱ्याला म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात बाई भारत फिरायला गेल्या आणि काही दिवस साताऱ्याला माझ्या आईकडे राहिल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांचा घाबराघुबरा फोन आला. “अहो, इथे सकाळपासून माणसं येतायत! कुणी आधी कळवत नाही. का आलात, हे तुमची आई विचारतच नाही, सरळ चहा टाकते. मी विचारलं, तर जो तो सांगतो, इकडूनच चाललो होतो!”

मी म्हटलं, होईल सवय. मग त्यांचे फोनच बंद झाले. आई म्हणाली, “आता बेल वाजली की त्याच पळत जाऊन दार उघडतात.”

त्या परत आल्यानंतरच्या रविवारी दुपारी आमची बेल वाजली. घरभर पसारा, माझ्या डोक्याला तेल थापलेलं. न कळवता कोण कडमडलं, असं पुटपुटत मी दार उघडलं. दारात बाई, हातात केक.

“इकडूनच चालले होते,” त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, “म्हटलं, डोकावून जावं.”

आमचा मजला सगळ्यात वरचा. जिना आमच्या दाराशीच संपतो.

मी काही विचारलं नाही. सरळ चहा टाकला.