रंग न चढलेल्या पेशी

चांद म्हणजे वाशीमच्या लुगडी रंगवणाऱ्या घरातला. मिलची रंगीत लुगडी आली, घरचा धंदा बसला, आणि अडतीस साली तो आमच्या हिवताप तपासणीच्या खोलीत नोकरीला लागला. मी तिथे कंपाउंडर होतो. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, त्यावर जांभळा रंग घालायचा, धुऊन वाळवायचा, मग डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. रंगाचं काम चांदकडे होतं. रंग घातला की तो पुटपुटत आकडे मोजायचा, घरी रंगाच्या हौदापाशी त्याचा बाप मोजायचा तसे. मला हसू यायचं.

एकदा पंचफुला नावाची माळीण रक्त द्यायला आली. बाई दणकट, वांग्यांची भरली टोपली डोक्यावर घेऊन मळ्यातून बाजारात यायची. अंगाची कातडी मात्र जन्मापासून कोरडी, पापुद्रे सुटलेली. रक्तात हिवताप निघाला नाही, पण पांढऱ्या पेशींत गोल गोल रिकामी भोकं दिसली. डॉक्टर चिडले. दुसऱ्यांदा रक्त घेतलं, तरी भोकं तशीच.

"तुला काच रंगवता येत नाही. उद्यापासून येऊ नकोस," डॉक्टर म्हणाले. मी लगेच मान डोलावली. साहेबांच्या हो ला हो करण्यात मी तरबेज होतो.

चांद जागचा हलला नाही. "साहेब, लुगड्यावर तेल सांडलं असन तं तेवढ्या जागी रंग चढत नाई. या बाईच्या पेशीत चरबी हाये. मले एक डाव दाखवू द्या."

गिऱ्हाईक रंगावरून भांडायला आलं की दोष रंगाचा की कापडाचा ते बघायला रंगारी एक चिंधी त्याच्या कापडाची आणि एक आपल्या घरातली घेऊन दोन्ही एकाच भांड्यात बुडवतात. चांदने तेच केलं. एकाच काचेवर एका टोकाला स्वतःचं रक्त पसरलं, दुसऱ्या टोकाला पंचफुलेचं, आणि दोन्हींवर एकदमच रंग ओतला. या वेळी त्याच्याबरोबर मीही मनात आकडे मोजत होतो.

डॉक्टर बराच वेळ डोळा लावून बसले. चांदच्या पेशी भरून रंगल्या होत्या. पंचफुलेच्या पेशींत भोकं होती. "रंग बरोबर आहे. उद्या कामावर ये," ते म्हणाले. चांद खुलला, मी त्याला चहा पाजला.

बाहेर पंचफुला टोपलीशी बसली होती. "चांदभाऊ, तुमचं खरं निघालं म्हंतेत. मंग माह्यात काय निघालं?"

चांदने आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी पुस्तकं चाळली. चरबी नको तिथे साठते आहे एवढं कळलं, ती उद्या हातापायांतही साठेल का, पुढे काय होईल ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून दर बाजाराला चांद तिला विचारायचा, "बाई, टोपली जड लागते का?" ती हसायची. "कायले लागन?"

असं चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी टोपली अर्धी झाली. मग एका बाजारी ती आमच्या दारातच थांबली. टोपली जाऊबाईने आणली होती. पंचफुलेचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. चांदने टोपली उचलून बाजारातल्या तिच्या जागेवर नेऊन ठेवली आणि आत येऊन दोघांच्या रक्ताची ती जुनी काच पेटीतून काढली.

"भाऊ," तो मला म्हणाला, "त्या दिवशी माहाच रंग चुकला असता तं लय बरं झालं असतं, नाई?"

मी एरवी कशालाही मान डोलावणारा. त्या दिवशी मान हलली नाही.