हरण्याला मारलेली हाक

हे मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई, राव. पार खोडदपासनं बेल्ह्याच्या बाजारापर्यंत मला नकल्या म्हणून वळखत्यात — सरपंच, मास्तर, एसटीचा कंडक्टर, म्हणाल त्याचा आवाज काढतो. हसू नका. घोळ त्यातच हाय.

आमच्या शेजारच्या तात्यांचा हरण्या — शर्यतीचा बैल. खूर दुखावला म्हणून वरीसभर दावणीला. मग डॉक्टर म्हणले, फिरवा आता, पण दमानं. तात्या रोज सकाळी त्याला घाटात न्यायचे, म्हंजे शर्यतीच्या चढावर, आन् कासरा धरून नुसतं चालवायचे. मी बरोबर. पण हरण्याला चालायचंय कुठं? कान टवकारलेले, नाकातनं फुरफुर — सोडा की मला! मलाच राहावंना, मग त्याला कसं राहावंल?

एका सकाळी तात्या पेंड आणायला गेले. कासरा माझ्या हातात. गाडीवरनं जाताजाता एक पोरगं वरडून गेलं, "काय रं, बैल फिरवतो का म्हातारं?"

आन् मग — मी कासरा सोडला. तात्यांच्या आवाजात हाक मारली. तीच, शर्यतीतली, "चल माझ्या राजाऽऽ!"

आयला, काय सुटला राव! शेपूट वर, धुरळ्याचा लोट, पायाखालची दगडं उडतायत! इतकं देखणं पळणं म्या कुठल्याच घाटात पायलं न्हाई. आन् कुणाच्या हाकंवर? माझ्या! नाचलो मी. खोटं कशाला बोलू?

वर गेला आन् थांबला. तीन पायांवर.

तात्या पळत आले. मी म्हणलो, "कासरा सुटला, तात्या." त्यांनी खाली बसून त्याचा खूर हातात घेतला. "मीच घाई केली रं. आजून थांबाया पायजे व्हतं."

तेव्हा तरी बोलायचं ना? न्हाई बोललो.

हरण्या परत घाटात उतरला न्हाई. तात्या आजबी आल्या-गेल्या पावण्याला सांगत्यात, चूक माझीच. मी शेजारी बसून त्यांचाच चहा पितो.

काल त्यांच्या गोठ्यावरनं चाललो व्हतो. फोनवर दोस्ताला हसवायला तात्यांचा आवाज काढला — सवयच ती. आत काहीतरी धडपडलं. वाकून पायलं तर हरण्या उठून उभा. दुखरा पाय उचललेला, कान टवकारलेले, दाव्याला वढ देत — पळायला तयार.